शून्य आणि रिकामं

महाप्यात, सहाव्या मजल्यावर,
मी पाण्याचा डॅशबोर्ड बांधते.
वरच्या पट्टीत चार आकडे, ठळक,
खुर्चीतून न उठता वाचता येतील असे.
खाली डावीकडे खांब, उजवीकडे रेघ,
मध्ये दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा नकाशा:
पाणी पुरेसं तिथे हिरवा, कमी तिथे पिवळा,
आणि लाल शक्यतो नको,
असं डिमेलो मॅडम म्हणाल्या होत्या.
हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

खांबही त्यांना उंच हवे होते.
अक्ष नव्वदपासून सुरू कर ना,
मग गेल्या वर्षीचा एक्क्याण्णव बुटका दिसतो
आणि यंदाचा चौऱ्याण्णव ताडमाड.
मी करून दाखवलं. मग शून्य परत आणलं.
दोन्ही खांब जुळ्या भावांसारखे उभे राहिले.
मॅडमनी पर्स उचलली.
या गोष्टीचा मला जरा जास्तच अभिमान होता,
हे आधीच सांगून ठेवते.

मग एका बुधवारी हसुराम भोईर आले.
चावीवाले. एकतीस वर्षं दिघ्याचे व्हॉल्व्ह फिरवतायत,
पाइपाला लोखंडी सळई लावून, सळईला कान लावून
कुठे गळतंय ते सांगतात.
त्यांना मोबाइलवर नोंद करायला शिकवायचं होतं.
ते माझ्या पडद्यासमोर उभे राहिले,
चपला दाराबाहेर काढून.

"बाय, कोनाच्या घरान दोन तास धा मिनिटा पानी येता?"
कुणाच्याच नाही काका, ती सरासरी आहे.
कुठे चार तास, कुठे वीस मिनिटं,
सगळं मिळवायचं आणि भागायचं.
"म्हंजे जो नाय त्याचा टायम."
मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग मी त्यांना आत कसं उतरायचं ते दाखवलं.
वॉर्डवर टिचकी मारली की विभाग,
विभागावर मारली की लाइन,
लाइनवर मारली की आळ्या.
त्यांचं बोट जाडजूड, दोनदा चुकलं,
तिसऱ्यांदा टेकडीवर पोचलं.
वरची आळी. पांढरी.

"यो पांढरा कंचा?"
तिथली नोंद नाही.
"म्हंजे शून्य?"
नाही काका, रिकामं.
आणि मी माझं प्रशिक्षणातलं पान उघडलं:
शून्य मोजणीत येतं, सरासरीला खाली ओढतं,
रिकामं मोजणीत येतच नाही,
सॉफ्टवेअर त्याला वळसा घालून जातं...
त्यांनी हात वर केला, व्हॉल्व्ह बंद करताना करत असतील तसा.
"शून्य म्हंजे पानी नाय आला.
रिकामा म्हंजे कोनी बगलाच नाय."

हेच सांगायला मला स्लाइडा लागल्या होत्या
एकोणीस.

ते गेल्यावर मी फिल्टरची यादी उघडली.
सगळ्यात खाली, बारीक अक्षरात:
'रिकाम्या नोंदी वगळा.'
पुढे बरोबरची खूण.
ती खूण मीच केली होती, मार्चमध्ये,
नकाशा स्वच्छ दिसावा म्हणून.
मॅडमनी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

खूण काढली.
टेकडीभर करड्या तिरप्या रेघा उमटल्या,
एक आळी नाही, सात.
बाजूला सूचीत लिहिलं: माहीत नाही.
पुसलं. अजून विचारलेलं नाही, असं लिहिलं.
बऱ्याच वेळाने घरी गेले.

डॅशबोर्ड दर पंधरा मिनिटांनी ताजा होतो.
सकाळी सव्वापाचला, अंथरुणातच, मी फोनवर पाहिलं.
सात रेघाळ चौकोनांपैकी एक भरला होता.
वरची आळी. नोंद करणार: ह. भोईर.
मिनिटं: ०.
शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, 'बगला'.

चौकोन लाल झाला होता.
वरच्या पट्टीतला ठळक आकडा
दोन तास दहावरून दोन तास चारवर आला होता.
मॅडमचा फोन साडेआठच्या आधी यायचा नाही.
मी उठले, मोरीत जाऊन नळ सोडला.
ऐरोलीत पाणी होतं. भरपूर.
बादली भरेपर्यंत तिथेच उभी राहिले.